एका बीकरवर दोन पहारे

विभागात सगळे तिला वहिनी म्हणत. शिपाई म्हणत, ग्रंथपाल म्हणत, वयाने बारा वर्षांनी मोठे असलेले विभागप्रमुखसुद्धा ‘वहिनी, जरा बघता का हो’ म्हणत. ती खरोखर ज्या एका बाईची वहिनी होती, ती बाई मात्र गेली नऊ वर्षं तिला कुठल्याच नावाने हाक मारत नव्हती.

ती बाई म्हणजे मॅडम. पहिल्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीच्या, त्या खोलीतल्या तीन मापन-मीटरांच्या, दोन कपाटांच्या आणि कागदोपत्री वहिनीच्याही प्रमुख. दारावर पाटी मॅडमची, कुलपाची किल्ली वहिनीकडे. त्यामुळे रोज सकाळी मॅडमना आपल्याच पाटीखाली दोन मिनिटं ताटकळत उभं राहावं लागे, आणि वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या मुद्दाम सावकाश चढे.

एके काळी या दोघी एकाच बाकावर बसून रसायनशास्त्र शिकल्या होत्या. परीक्षेत वहिनी दुसरी आली आणि मॅडम तिसरी. पहिला कोण आला ते आता कुणालाच आठवत नाही, त्यामुळे भांडायला या दोघीच उरल्या. पुढे दुसरी आलेल्या मुलीने तिसरी आलेलीच्या थोरल्या भावाशी लग्न केलं, आणि जिला काल ‘अगं ए, ती वही दे इकडे’ म्हणत होती तिलाच आज ‘अहो ताई, पाणी देऊ का’ म्हणू लागली. मूल झालं, शिक्षण थांबलं. तिसरी आलेली तेवढ्यात डॉक्टरेट घेऊन बसली. मूल शाळेत जायला लागल्यावर तिनेच वहिनीला आपल्या खोलीत सहायक म्हणून लावून घेतलं. हे उपकार होते यात शंका नाही, आणि मॅडमनी ती शंका कुणाला येऊही दिली नाही. ‘मीच लावून दिली तिला’ हे वाक्य त्या पाहुण्यारावळ्यांना ऐकवत, शेजाऱ्यांना ऐकवत, जिन्यात भेटलेल्या टपालवाल्यालाही ऐकवत.

तरीसुद्धा बोलणं तुटलं नसतं. तुटलं ते सासऱ्यांच्या आजारपणात. औषध थेंबांनी द्यायचं होतं. सकाळी दहा, संध्याकाळी दहा. एका संध्याकाळी मॅडम वडिलांना बघायला आल्या, दाराशी उभ्या राहून वहिनीच्या हाताकडे पाहत राहिल्या, आणि खोलीभर पाहुणे बसलेले असताना म्हणाल्या, “बारा पडले. हिला माप कळत नाही.” सासरे त्या दहा की बारा थेंबांनी खडखडीत बरे झाले आणि पुढे सहा वर्षं दोघींनाही नावं ठेवत जगले. पण वाक्य रुतलं ते रुतलंच. स्वयंपाक येत नाही म्हटलं असतं तर वहिनीने हसून सोडून दिलं असतं, कारण घरात त्यावर फारसे मतभेद नव्हते. पण माप? दिवसभर पिपेटच्या टोकाकडे डोळे लावून बसणाऱ्या बाईला माप कळत नाही?

त्या दिवसापासून दोघींमधलं बोलणं बंद. आता एकाच खोलीत नोकरी करायची आणि बोलायचं नाही म्हणजे काहीतरी सोय हवी. ती सोय नोंदवहीने केली. मॅडम लिहीत, ‘बीकर चार पुन्हा घ्यावा.’ खाली वहिनी लिही, ‘घेतला. तोच आकडा.’ ‘पिपेट धुतले होते का?’ ‘होते. कालही होते.’ ‘पंख्यामुळे आकडा हलतो.’ ‘पंखा आपणच लावला आहे.’ खिडकी उघडी ठेवावी की बंद, यावर तर समासात पूर्ण महिनाभर लढाई चालली. एकदा बाहेरून तपासणीला आलेल्या गृहस्थांनी ती वही चाळली आणि शेरा मारला, ‘इतकी सविस्तर नोंदवही अन्यत्र पाहण्यात नाही.’ विभागप्रमुखांनी तो शेरा खाली मान घालून स्वीकारला.

घरी निरोपांची ने-आण दादांकडे होती. दादा म्हणजे वहिनीचे यजमान आणि मॅडमचे भाऊ. त्यांचं चष्म्याचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांना ‘हे दिसतं का? आता? आणि आता?’ विचारून थकलेला हा माणूस घरी आला की एका कानात बायको आणि दुसऱ्या कानाला फोनवर बहीण. दोघींचं म्हणणं त्यांना सारखंच पटे, आणि म्हणून दोघीही त्यांना कुचकामी समजत.

खोलीतलं काम असं होतं. काही साबण असे असतात, की त्यांच्या कणाला एक लांब शेपूट आणि एक डोकं असतं. शेपटीला पाण्याचा तिटकारा, डोक्याला पाण्याची हौस. पाण्यात असे कण पुरेसे जमले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर असा गोळा करून बसतात. त्या गोळ्याला मिसेल म्हणायचं. मॅडमच्या साबणाच्या डोक्यांवर धन भार, म्हणून पाण्यातले ऋण भाराचे ब्रोमाइड त्या गोळ्याला चिकटून बसलेले असत. मग त्यात मिठातला क्लोराइड सोडायचा. तोही ऋण भाराचा, त्यालाही तिथेच बसायचं. जागा मोजक्या. तो बसला की एखाद्या ब्रोमाइडला उठावं लागतं आणि तो पाण्यात मोकळा हिंडू लागतो. असे किती उठले ते मोजायचं, की दोघांपैकी जास्त चिकट कोण ते कळतं.

दादांनी एकदा हे समजून घ्यायचा प्रयत्न केला होता. वहिनीने विचारलं, “तुमची बहीण घरी आली की खिडकीजवळच्या खुर्चीवरून कोण उठतं?”

“तू.”

“झालं. मी ब्रोमाइड.”

दादांना हा विषय इतका नीट समजला की त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

ब्रोमाइड सहसा हलत नाही, क्लोराइडचं त्याच्यापुढे फारसं चालत नाही, असं जुनी मंडळी मानत. मॅडमनी तीन वर्षांच्या मापांवरून दाखवून दिलं की तसं नाही. क्लोराइड चांगला तोडीस तोड आहे, भराभर जागा बळकावतो. हा निबंध एका मोठ्या नियतकालिकात छापून आला. त्याचं पहिलं पान मॅडमनी चौकट करून भिंतीवर लावलं. खाली आभाराच्या ओळीत विभागप्रमुख होते, काच बनवणारा कारागीर होता, वीज दुरुस्त करणाराही होता. मापं घेणारी नव्हती. वहिनी रोज ती चौकट पुसताना काचेवरून फडकं जरा जोरातच फिरवी.

तर सोमवारी पत्र आलं. दुसऱ्या एका संस्थेतल्या लोकांनी तोच प्रयोग करून पाहिला होता, आणि त्यांच्याकडे क्लोराइडचा जोर मॅडमच्या आकड्याच्या जेमतेम एक तृतीयांश भरत होता. नियतकालिकाने दहा दिवसांत खुलासा मागितला होता. मॅडमनी पत्र उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग भावाने करून दिलेला चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आणि वहिनीकडे एकदाही न बघता त्या खुलासा लिहायला बसल्या. वहिनीला त्या लिहिण्याच्या वेगावरूनच कळलं की त्यात आपण आहोत.

दुपारी विभागप्रमुखांनी बोलावलं.

“वहिनी, बसा.”

“उभीच बरी आहे.”

विभागप्रमुखांना उभ्या माणसाशी वाईट बोलता येत नसे. त्यांनी स्वतः उभं राहून पाहिलं, तेही जमेना, मग पुन्हा बसले. “मॅडमनी खुलाशाचा मसुदा दिलाय. त्यात असं आहे की…” त्यांनी कागद लांब धरला, “‘मापन-सहायकाच्या हलगर्जीपणामुळे नोंदींत दोष राहिला असावा.’”

“असावा?”

“असावा असं आहे.”

“म्हणजे खात्री नाही, पण नाव माझं.”

“नाव नाही हो, नुसतं सहायक.”

“खोलीत सहायक किती आहेत?”

विभागप्रमुखांनी कागदाची घडी केली. मग खालच्या आवाजात म्हणाले, “तुमच्या कराराची मुदत एक तारखेला संपतेय. हा कागद शुक्रवारी जाईल. तो गेल्यावर मी तुमच्या मुदतवाढीवर सही कशी करू, तुम्हीच सांगा. वर विचारतील ना मला. आकडे शेवटी तुमच्याच हातचे.”

सतरा वर्षांची नोकरी. वहिनीने खिडकीबाहेर पाहिलं, पण तिथे नुसतीच पाण्याची टाकी होती. “शुक्रवारपर्यंत थांबा,” ती म्हणाली. “चूक कुठे आहे ते मी शोधते.”

“आणि तुमचीच निघाली तर?”

“तर मीच लिहून देईन. त्यांच्यापेक्षा बऱ्या अक्षरात.”

घरी दादांनी ऐकलं आणि घास हातातच राहिला. “असं लिहील ती?”

“लिहिलंय. स्वल्पविरामासकट.”

“मी बोलू का तिच्याशी?”

“बोला की. नऊ वर्षं तेच करताय.”

दादा फोन घेऊन आतल्या खोलीत गेले आणि पाच मिनिटांनी पडलेल्या चेहऱ्याने परत आले. “ती म्हणते, तिच्या जागी दुसरी कुणी प्रमुख असती तर तुला तीन वर्षांपूर्वीच काढलं असतं.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, जेवलीस का?”

वहिनीने त्यांच्या ताटात वाढलेली भाजी परत भांड्यात घातली.

मंगळवारी मॅडम कसल्याशा बैठकीला बाहेर होत्या. वहिनीने कपाट उघडलं, साबण तोलला, बाराही बीकर स्वतः तयार केले. पहिल्यात क्लोराइड अजिबात नाही, मग चढत्या प्रमाणात थोडा थोडा. मग मापं. मीटरला दोन कांड्या जोडलेल्या असत. एक मोकळा ब्रोमाइड ओळखणारी. दुसरी तिची जोडीदार, म्हणजे संदर्भ इलेक्ट्रोड, जिच्या आधाराशिवाय मीटरला काही सांगता येत नाही. दोन्ही बुडवायच्या, चार मिनिटं थांबायचं, आकडा स्थिर झाला की लिहायचा. एका बीकरला एकदाच, आणि लगेच बीकर रिकामा. बारा आकडे मिळाले, तिने आलेख काढला आणि खुर्चीत बसली.

क्लोराइडचा जोर एक तृतीयांश. त्या दुसऱ्या संस्थेचं बरोबर होतं.

म्हणजे चूक याच खोलीत झाली, आणि मापं सगळी आपण घेतलेली. मॅडमचं वाक्य पहिल्यांदाच खरं असण्याच्या बेतात होतं आणि त्याहून वाईट गोष्ट वहिनीला सुचत नव्हती.

बुधवारी ती तीन वर्षांच्या वह्या काढून बसली. इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तिने दादांनाही सांगितली नव्हती. रीत अशी होती, की मॅडम सकाळी लवकर द्रावणं करून वर्गावर जात आणि वहिनी अकरा वाजता मापं घेई. दुपारच्या सुट्टीनंतर वहीत हटकून एखादी चिठ्ठी असे, ‘सर्व बीकर पुन्हा घ्यावेत’, म्हणून तीन वाजता पुन्हा मापं; आणि निबंधात जाई ती शेवटची नोंद. पण तीन वर्षं वहिनी अकराच्या आधी, दहा वाजताही एकदा गुपचूप मापं घेत आली होती. कारण सरळ होतं. तिसरी आलेल्या बाईने केलेल्या द्रावणावर तिचा विश्वास नव्हता. कधी ना कधी मॅडम काहीतरी चुकीचं ओततील, आणि आपल्याकडे पुरावा असेल, या आशेवर ती दहाचे आकडे वही उलटी धरून शेवटच्या पानांवर बारीक पेन्सिलीने लिही. मॅडम एकदाही चुकल्या नव्हत्या. याचं वहिनीला फार वाईट वाटे.

आता तिने दहाचे, अकराचे आणि तीनचे आकडे एकाखाली एक मांडले, आणि तिचे डोळे विस्फारले. पहिला बीकर, ज्यात क्लोराइड घालायचाच नाही, त्यातसुद्धा मोकळा ब्रोमाइड दहापेक्षा अकराला जास्त, आणि अकरापेक्षा तीनला जास्त. रोज. तीन वर्षं. हात चुकला तर कधी वर चुकेल, कधी खाली. हा आकडा एकाच दिशेला चालला होता, जणू त्याला कुणी मागून ढकलत होतं. ज्या बीकरमध्ये कुणीच क्लोराइड घालत नाही तिथे ब्रोमाइडला उठवतंय कोण?

ती बराच वेळ मीटरकडे बघत बसली. मग तिची नजर जोडीदार कांडीवर गेली. त्या कांडीत पोटॅशियम क्लोराइडचं दाट, खारं पाणी भरलेलं असतं आणि ते टोकातून किंचित पाझरतं. पाझरायलाच हवं, नाहीतर मीटर चालत नाही. ते पाणी वरचेवर संपे आणि वहिनी ते भरता भरता पुटपुटे, ‘सांडते ती, आणि भरायचं मी.’ सांडत कुणीच नव्हतं. सगळं खारं पाणी बीकरमध्ये जात होतं. दर बुडवणीला थोडं थोडं, आणि त्यातला क्लोराइड ब्रोमाइडला उठवत होता. एकदा बुडवलं तर फरक कळलाही नसता. पण दहाला एकदा, अकराला एकदा, तीनला एकदा…

दहाची बुडवणी आपली. वहिनीचे कान तापले.

तिने हिशेब करून पाहिला. एका बुडवणीने आकडा जेवढा चढायला हवा तेवढा दहा ते अकरामध्ये चढलेला होता. अकरा ते तीनमध्ये मात्र त्याच्या तिप्पट चढलेला. मध्ये आणखी कुणीतरी कांड्या बुडवत होतं, आणि चांगल्या ऐसपैस बुडवत होतं.

गुरुवारी एक वाजता वहिनी नेहमीसारखी डबा घेऊन खाली गेली आणि दहा मिनिटांनी डबा न उघडताच वर आली. दाराच्या काचेतून आत पाहिलं. मॅडम मीटरसमोर उभ्या होत्या. एका हातात पाव, दुसऱ्या हातात पेन्सिल, काखेत स्वतःची डायरी. कांड्या बीकरमध्ये. मॅडमनी घास घेतला, सावकाश चावला, मीटरकडे बघून मान हलवली, मग पाव ठेवायला जागा शोधली, सापडली नाही, म्हणून सगळा पाव संपवूनच कांड्या उचलल्या. वहिनीने घड्याळ लावलं होतं. या एका बीकरला अकरा मिनिटं. गेल्या नऊ वर्षांतली इतकी सुखाची अकरा मिनिटं तिला आठवत नव्हती.

पण जिना उतरताना ते सुख हळूहळू ओसरलं. दुपारची बुडवणी उघड करायची तर दहाची लपवता येणार नव्हती. आकडे मांडायचे तर शेवटचं पान उघडावं लागणार. चार बुडवण्यांपैकी वहीत लिहिलेल्या दोनच. उरलेल्या दोन चोरट्या, आणि त्यांतली एक आपली. रात्री दादांना तिने फक्त एवढंच विचारलं, “दोन गिऱ्हाइकांनी एकाच चष्म्यावर हक्क सांगितला तर तुम्ही काय करता?”

“दोघांचेही डोळे तपासतो,” दादा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते उपयोगाचं बोलले, आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही.

शुक्रवारी सकाळी वहिनीने विभागप्रमुखांना खोलीतच बोलावलं. मॅडम पाकिटावर पत्ता लिहीत होत्या. वहिनीने दोन बीकरमध्ये नुसतं डिस्टिल्ड पाणी घेतलं. एकात जोडीदार कांडी बुडवून चार मिनिटं थांबली, एक तसाच ठेवला. मग दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटचा एकेक थेंब सोडला. क्लोराइड असेल तर पाणी दुधाळ होतं, हे तिघांनाही शाळेपासून माहीत होतं. एक बीकर स्वच्छ राहिला. दुसरा दुधाळला.

“हे काय नवीन सांगतेय?” मॅडम विभागप्रमुखांना म्हणाल्या. “कांडी पाझरते हे सगळ्यांना ठाऊक आहे. एका बुडवणीने काय फरक पडतो?”

“त्यांना सांगा, एकीने नाही पडत,” वहिनी विभागप्रमुखांना म्हणाली. “चारांनी पडतो.”

“चार कुठून आल्या? अकराची आणि तीनची.”

वहिनीने वही उलटी केली, शेवटचं पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. “दहाची माझी. तीन वर्षं. चोरून.”

मॅडमच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की क्षणभर त्या कॉलेजातल्या मुलीसारख्या दिसल्या. “ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने! माझ्या द्रावणांवर संशय!”

“आणि दुपारची,” वहिनी म्हणाली, “पावाबरोबरची.”

मॅडमनी आपली डायरी खणात सरकवली.

“कसला पाव?” मॅडम म्हणाल्या.

“काल अकरा मिनिटं. तीळ लावलेला होता.”

“तू माझ्यावर पाळत ठेवतेस?” मॅडम पहिल्यांदाच थेट तिच्याकडे वळल्या. नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि ते असं.

“तुम्ही माझ्या आकड्यांवर ठेवता तशीच.”

“मला अधिकार आहे. मी प्रमुख आहे इथली!”

“प्रमुखाने समोर उभं राहून तपासायचं असतं, तोंडात घास धरून नाही. अगं, मला सांगायचंस ना!” वहिनीचं ‘अहो ताई’ कुठल्या कुठे गेलं. “‘दुपारी मी पुन्हा माप घेतलं’ एवढं वहीत लिहायला किती शाई लागली असती तुला? खिडकीवर महिनाभर लिहिलंस!”

“आणि तू दहाचं सांगितलंस? वही उलटी धरून लिहिणारी तू!”

“तू पेन्सिलीने डायरीत लिहितेस ते काय सरळ आहे?”

“बारा थेंब टाकणारीवर विश्वास ठेवायचा होता का मी?”

“दहा होते!”

“बारा!”

विभागप्रमुख बोटांवर काहीतरी मोजत होते. ते अचंब्याने म्हणाले, “म्हणजे तीन वर्षं तुम्ही दोघी रोज बीकरमध्ये क्लोराइड टाकत होतात, आणि मग क्लोराइड फार जोर करतो म्हणून निबंध छापलात?”

“तुम्ही मध्ये बोलू नका,” दोघी एकदमच म्हणाल्या.

विभागप्रमुखांनी मॅडमच्या टेबलावरचं पाकीट उचललं आणि स्वतःच्या खिशात घातलं. “हे पत्र जाणार नाही,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका ठाम निघाला की ते स्वतःच दचकले. “नवीन लिहा. खाली दोघींच्या सह्या हव्यात. जिने द्रावणं केली तिची आणि जिने मापं घेतली तिची. चार वाजता येतो.” आणि पुन्हा कुणी काही बोलायच्या आत ते बाहेर पडले.

मॅडमनी नवा कागद घेतला. ‘उपकरणातील दोषामुळे’ असं लिहिलं आणि कागद वहिनीकडे सरकवला.

“मी नाही सही करणार.”

“आता काय? तुझ्यावर काही नाहीये यात.”

“कांडीचा काय दोष? ती पाझरते म्हणूनच चालते. तिला चार चार वेळा बुडवलं कुणी?”

मॅडमनी ओळ खोडली. ‘मोजणीच्या पद्धतीतील त्रुटीमुळे’ लिहिलं.

“कुठली त्रुटी?”

“त्रुटी म्हणजे त्रुटी!”

“त्या लोकांनी आपला आकडा खोडायला महिने घालवले असतील. कशामुळे चुकला ते त्यांना कळायला नको?”

“सगळं जग हसेल मला!”

“मलाही हसेल. तुझ्या निबंधात मी नव्हते, निदान हसण्यात तरी घे.”

मॅडमनी पेन टेबलावर आपटलं. मग उचललं, निब शाबूत आहे का ते पाहिलं. तीन वाजले, साडेतीन वाजले. दोघी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून एका वाक्यासाठी भांडत राहिल्या. ‘नकळत’ हा शब्द वहिनीने काढायला लावला, ‘चोरून’ हा मॅडमनी. शेवटी जे उरलं ते असं होतं: ‘प्रत्येक नमुना दोन निरीक्षकांनी एकमेकींना न कळवता एकूण चार वेळा मोजला, प्रत्येक वेळी संदर्भ इलेक्ट्रोडमधून क्लोराइड नमुन्यात गेला, त्यामुळे प्रसिद्ध झालेला आकडा सुमारे तिप्पट आहे. सर्व मापे नव्याने घेण्यात येत आहेत.’ खाली मॅडमनी सही केली. आपल्या सहीच्या बरोबरीने दुसरी सही मावेल एवढी जागा मात्र त्यांनी सोडली नव्हती, म्हणून वहिनीने आपली सही थोडी वरच केली.

चार वाजता विभागप्रमुखांनी पत्र वाचलं, आणि त्याच पेनाने वहिनीच्या मुदतवाढीच्या कागदावर एका वर्षाची सही केली. “वर्षानंतर?” वहिनीने विचारलं. “वर्षानंतर मी निवृत्त,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. सहीच्या खाली त्यांनी एक अट लिहिली होती: यापुढे प्रत्येक माप एकदाच, आणि दोघींच्या समक्ष.

ही अट त्यांनी सलोख्यासाठी घातली असं त्यांना स्वतःला वाटत होतं. पण सोमवारपासून त्या टोकाच्या खोलीतून जे ऐकू येऊ लागलं, ते ऐकून ग्रंथपालाने आपल्या दाराला जाड पडदा लावून घेतला. पूर्वी दोघी दिवसभर गप्प असत. आता एका बीकरला चार मिनिटं अशी बारा बीकरांची अठ्ठेचाळीस मिनिटं त्यांना खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागे, आणि नऊ वर्षांचं साठलेलं बोलणं काही थोडं नव्हतं.

“जरा सरक, मला आकडा दिसत नाही.”

“चष्मा बदल. भावाचं दुकान आहे.”

“कांडी तिरपी धरलीयस.”

“सतरा वर्षं अशीच धरते.”

“म्हणून तर सतरा वर्षं…”

“आकडा हलतोय. श्वास तिकडे सोड.”

“मी श्वाससुद्धा तुला विचारून घेऊ?”

पहिल्या बीकरचा आकडा स्थिर झाला. वहिनीने मोठ्याने वाचला, मॅडमनी शाईने लिहिला, दोघींनी समोर सह्या केल्या. त्या दुसऱ्या संस्थेच्या आकड्याला तो अगदी लागून होता. कुणी कुणाचं अभिनंदन केलं नाही. मॅडमनी बीकर बाजूला ठेवायला उचलला, तर वहिनीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि सरळ सिंकमध्ये ओतला.

“ओतायचा कुणी ते अटीत नव्हतं,” मॅडम म्हणाल्या.

“ठेवला असता तर सुट्टीत त्याला कुणीतरी भेटायला आलं असतं,” वहिनी म्हणाली, आणि दुसरा बीकर पुढे सरकवला.